मेलेल्या माणसाची शुगर

मेलेल्या माणसाला मधुमेह असतो का, हा प्रश्न डिएमच्या घरात निघाला तो बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी. काढला तो कुणा डॉक्टरनं किंवा भिक्षूनं नव्हे, तर लाय आत्यानं, पुदिना निवडता निवडता.

“दादाच्या ताटात बान्ह एप पाहिजे,” आत्या म्हणाली. “बाकी तुम्ही काय वाटेल ते करा. कोंबडी करा, मासा करा, चिकट भात करा. पण ताम मावशीच्या गाडीवरचं बान्ह एप नसेल, तर दादा ताटाकडे ढुंकून बघायचा नाही.”

“आत्या, बाबांची शुगर किती होती, आठवतंय ना?” डिएम म्हणाली.

“होती. आता कुठली? मेल्यावर कसली आलीय शुगर?”

“मग मेल्यावर भूक तरी कसली?”

हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. आत्यानं पुदिना खाली ठेवला. आईनं सुपारी चघळायची थांबवली. आणि बाबांचे धाकटे भाऊ खोय काका, जे इतका वेळ वर्तमानपत्राआड होते, ते वर्तमानपत्राच्या वर आले.

बान्ह एप हा प्रकार ह्वे शहरात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, आणि बाहेरच्याला समजावून सांगेपर्यंत तो थंड होतो. टॅपिओकाच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा, त्याच्या पोटात चिमूटभर डुकराचा खिमा आणि कांद्याची पात, वरून अंडं. लांब दांड्याच्या दोन लोखंडी तव्यांमध्ये तो घालायचा, निखाऱ्यांवर धरायचा आणि अंगातलं सगळं बळ एकवटून दाबायचा. तवा उघडला की पापडाएवढं पातळ, चिवट, कडेला कुरकुरीत असं काहीतरी निघतं. त्यात पाला आणि आंबवलेली पपई गुंडाळायची, माशाच्या खाऱ्या-तिखट पाण्यात बुचकळायची आणि पुढची कधी येते म्हणून तव्याकडे बघत राहायचं. बाबा पोस्टातून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जात. पाय नेमके ताम मावशीच्या गाडीपाशीच मोकळे होत.

डिएम मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. पचनसंस्थेचा तक्ता तिनं स्वतः रंगवलेला आहे. टॅपिओकाचं पीठ म्हणजे नुसतं पिष्ट. त्यात ना प्रथिनं, ना तंतू. पोटात गेलं की त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही, हे ती डोळे मिटून सांगू शकते. त्यामुळे बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत घराचं आरोग्यखातं तिच्याकडे होतं. तिनं त्यांना उकडलेलं कारलं दिलं, लाल तांदूळ दिला, बिनसाखरेचा चहा दिला. शेवटी शेवटी एकदा ते म्हणाले होते, “एकच बान्ह एप आण गं. अर्धं तू खा.” ती म्हणाली होती, “रिपोर्ट येऊ द्या, मग बघू.” रिपोर्ट आले, पण ते बाबांच्या नंतर आले. चांगले होते.

तर वर्तमानपत्राच्या वर आलेले खोय काका अतिशय गोड आवाजात म्हणाले, “डिएम, बाळा, मी काय म्हणतो, एवढी ओढाताण कशाला? श्राद्ध माझ्याकडे करू. आमच्याकडे मुलाने नवा देव्हारा केलाय, संगमरवरी. वर दिवे आहेत, रंग बदलणारे. दादाला मुलगा नाही, पण पुतण्या तर आहे. फोटो तेवढा द्या.”

“फोटो इथेच राहील,” डिएम म्हणाली.

“अगं, मी कोण ठरवणारा? तू कोण? दादाच ठरवेल. कौल लागतोच ना? तू कौल लाव. दिला त्याने, तर तुझ्या हातचं पावलं. उदबत्त्या विझेपर्यंत नाही दिला, तर समजायचं, त्याला माझ्याकडे यायचंय. बरोबर की नाही, लायताई?”

लायताई न्यायप्रिय होत्या. त्या म्हणाल्या, “बरोबर.”

कौलाची भीती डिएमच्या घरात आजवर कुणालाच नव्हती, कारण कौल लावणारे बाबा होते. पितरांना ताट दाखवायचं, उदबत्त्या लावायच्या, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग बशीत दोन जुनी पितळी नाणी टाकून विचारायचं, ‘जेवलात का?’ नाण्याला एका बाजूनं चुना लावलेला असतो. एक नाणं पांढरं आणि एक पिवळं पडलं की पितर म्हणाले ‘हो’, मग ताट उतरवायचं आणि घरच्यांनी जेवायचं. दोन्ही सारखी पडली की ‘नाही’. मग पुन्हा हात जोडा, पुन्हा विचारा, काय चुकलं ते शोधा. ह्वे ही जुनी राजधानी, तिथले पितर राजेशाहीत वाढलेले, त्यामुळे खवचट. काही घरांत दुपारचं जेवण चहाच्या वेळेपर्यंत लांबतं. बाबांना मात्र कौल पहिल्याच फेकीत मिळे. दर वर्षी, दर श्राद्धाला. आळीत त्याचा एवढा बोलबाला झाला की लोक त्यांना आपल्या घरी बोलवत. बाबा जात, खिशातली आपलीच नाणी काढत (“हाताला सवय झालीय हो,” म्हणत) आणि ज्या घरातले पितर जिवंतपणी एकमेकांशी बोलत नव्हते, त्या घरातही मुकाट्यानं ‘हो’ येई. लोक म्हणत, तोआन पोस्टमास्तरांचा शब्द वर पोचतो. पोस्टातच होते ते, त्यामुळे पटायचंही.

डिएमनं दोन दिवस विचार केला आणि एक तोडगा काढला. बान्ह एप करायचं, पण पौष्टिक. याला बाबा हे एकच कारण नव्हतं. ताट उतरल्यावर ते खाणार होते जिवंत नातेवाईक, आणि त्यांच्या घराण्यात जमीन कुणालाच आली नाही, शुगर मात्र सर्वांना समान वाटणीनं आली होती. आत्याला ब्लडप्रेशरही होतं. काकांचा अंगठा युरिक अॅसिडनं टोमॅटोसारखा झाला होता. आपल्या बापाच्या श्राद्धाला जेवून पुढच्या श्राद्धाची सोय व्हावी, हे जीवशास्त्राच्या शिक्षिकेला शोभलं नसतं.

पण शास्त्रीय काम करायचं तर आधी मूळ पदार्थात काय काय आहे, ते कळायला हवं. म्हणून ती शाळा सुटल्यावर एका सरकारी आरोग्य कार्यालयात गेली. तिथल्या बाईंनी जाडजूड तक्ता उघडला.

“वाफवलेलं आहे,” बाई म्हणाल्या. “तळलेलं आहे. उकडलेलं आहे. केळीच्या पानात बांधलेलं आहे. दाबलेलं हा प्रकार नाही.”

“मग दाबलेलं कुठे मिळेल?”

“रस्त्यावर.” बाईंनी तक्ता मिटला. “तपासून हवं असेल तर नमुना आणा. सीलबंद. वर उत्पादकाचा शिक्का हवा.”

डिएम ताम मावशीकडे गेली. ताम मावशीनं सगळं ऐकून घेतलं, हातातला धगधगता तवा उचलला आणि म्हणाली, “माझ्याकडे शिक्का म्हणजे हा. कुठे उमटवायचा, त्यांना विचारून ये.”

तरी तिनं नमुना बांधून दिला. पाला वेगळा, पपई वेगळी, तिखट पाणी वेगळं. डिएमनं पुडक्यावर शाळेच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी डकवली आणि ते कार्यालयात नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “नमुना अपुरा आहे.”

“काल तर भरपूर होता.”

“काल होता,” बाईंनी मान्य केलं. त्यांच्या मागच्या टेबलावरचे साहेब दात कोरत होते. “हे बघा, चव उत्तम आहे. पण आमच्याकडे चवीचा रकाना नाही.”

एवढं होईपर्यंत आळीत बातमी पसरली होती. शेजारचे थाख कंपाउंडर कुंपणावरून वाकले. औषधांच्या दुकानातून ते निवृत्त झाले होते, पण सल्ल्यातून नाही.

“कारल्याचा रस घाल पिठात,” ते म्हणाले. “आणि शेवग्याचा पाला. वाळवून, वस्त्रगाळ करून. आणि हे बघ पोरी, नुसतं खायला पाठवून भागायचं नाही. त्यांना तिथे शुगर मोजता यायला नको? एक मशीन पाठव.”

“मशीन?”

“कागदाचं गं! लोक कागदी मोटारी जाळतात, फोन जाळतात, वरच्यांना पोचतात. मग शुगरचं मशीन का नाही?”

डिएमला हे हास्यास्पद वाटलं, आणि आईला अतिशय पटलं. त्यामुळे डिएम कागदी वस्तूंच्या दुकानात गेली. तिथे कागदी बंगला होता, कागदी स्कूटर होती, कागदी सोन्याची बिस्किटं होती.

“शुगर मशीन ऑर्डरनं करून देऊ,” दुकानदार म्हणाला. “कागदी पट्ट्या मशीनसोबत की वेगळ्या?”

“कागदाच्या मशीनला कागदाच्या पट्ट्या वेगळ्या कशाला?”

“बाई, पट्ट्या संपल्यावर ते स्वप्नात येतात. मागच्या महिन्यात एकांचे वडील आले होते.”

मशीन पाहून काकांनी विचारलं, “पण तिथे रीडिंग बघायला डॉक्टर कोण आहे?”

“डॉक्टर थिन्ह टेटच्या सणानंतर वारले की,” आई शांतपणे म्हणाली. “ते बघतील. यांची फाइल त्यांना तोंडपाठ होती.”

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी डिएमनं देव्हाऱ्यातली पितळेची भांडी चिंचेनं घासायला काढली. धूपदाणी, समया, फळांची तबकं. बशीतली दोन नाणीसुद्धा. नाण्यांची दशा बघवत नव्हती. एकावर चुन्याचं पुट दोन्हीकडून चढलेलं, दुसऱ्यावरचा चुना पार उडालेला. बाबांना शेवटी नीट दिसत नसे. तिनं दोन्ही नाणी आरशासारखी लखलखीत केली आणि प्रत्येकाच्या एका बाजूला शाळेच्या पर्समधलं, वहीतल्या चुका खोडायचं पांढरं करेक्शन लावलं, कडेपर्यंत, एका रेषेत. आई तिथेच पानाचा डबा घेऊन बसली होती. तिनं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यात पान घातलं.

मग पौष्टिक बान्ह एप.

ओटचं पीठ, मूठभर टॅपिओका (लाजेकाजेस्तव), शेवग्याच्या पाल्याची पूड, खिम्याऐवजी टोफू, अंड्याचं नुसतं पांढरं, तेल शून्य. कारल्याचा रस तिनं घातला नव्हता. तो थाख कंपाउंडरांनी ती फोन घ्यायला गेली असताना खिडकीतून घातला. ताम मावशीचा जुना तवा मागून आणला होता. आता टॅपिओका ताणला जातो, हा त्याचा मोठाच गुण आहे, जरी तो तक्त्यात नसला तरी. ओटला ताणणं माहीत नाही. पहिला गोळा दाबला तो फुटून कडेनं बाहेर आला आणि निखाऱ्यात पडून त्याचा धूर झाला. दुसरा दोन्ही तव्यांना असा चिकटला की तवेच उघडेनात. डिएमनं एक दांडा धरला, आईनं दुसरा धरला, आणि दोघी स्वयंपाकघरभर रस्सीखेच खेळल्या. धूर पाहून थाख कंपाउंडर पाण्याची बादली घेऊन आले आणि त्यांनी ती, कसलीही चौकशी न करता, ओतली.

सकाळी उरलेलं पीठ पुन्हा मळून जे काही तयार झालं, ते तिनं पानावर रचलं. रंग हिरवट राखाडी. कडा नव्हत्याच. लाय आत्यानं कोपऱ्याला चिमटीत धरून एक उचललं.

“पोतेरं इस्त्री केलंयस का गं?”

“आत्या, यात तंतू आहेत.”

“दिसतायत की. लोंबतायत.”

तरी ते ताटात मधोमध गेलं. कोंबडी एका बाजूला, मासा एका बाजूला, आणि बाबांच्या फोटोसमोर ते. फोटोत बाबा हसत होते; पण तो फोटो पासपोर्टचा होता आणि फोटोवाल्यानं ‘हसू नका’ म्हटल्यावर काढलेला होता, त्यामुळे त्या हसण्याचा काहीच अंदाज येत नसे.

नातेवाईक जमले. काका नवा शर्ट घालून आले होते आणि त्यांच्याबरोबर एक रिकामी कापडी पिशवी होती. फोटोच्या मापाची.

डिएमनं उदबत्त्या लावल्या, हात जोडले, थोडा वेळ जाऊ दिला. मग नाणी तळव्यात घेऊन म्हणाली, “बाबा, जेवलात का?”

नाणी बशीत वाजली. दोन्ही पांढरी.

“पहिल्या फेकीत नाही!” कुणीतरी मागे कुजबुजलं. या घरात हे कधी घडलं नव्हतं.

तिनं पुन्हा टाकली. दोन्ही पिवळी. पुन्हा टाकली. दोन्ही पांढरी.

“मी सांगते काय झालं ते,” आत्या म्हणाली. “त्या पोतेऱ्याला तो हात लावत नाहीये.”

“कारल्याचा वास येतोय मला,” थाख कंपाउंडर म्हणाले, जणू कारलं चालत आलं होतं. “कुणी घातलं?”

“डिएम, बाळा,” काका हळवे झाले, “दोन वर्षं त्याने कारलं खाल्लं. आता तरी सोड ना त्याला.”

डिएम फोटोकडे बघत राहिली. नाणी हातात गरम झाली होती. मग तिनं पर्स उचलली आणि म्हणाली, “मी ताम मावशीकडून आणते.”

तिला जावं लागलं नाही. ताम मावशी दारातच होती, तवा परत न्यायला आलेली, आणि हातात केळीच्या पानात बांधलेली रास. “पोस्टमास्तरांचं वर्षश्राद्ध, आणि मी रिकाम्या हातानं येईन होय?” ती म्हणाली. पान उघडलं तसा भाजल्या अंड्याचा आणि पातीचा वास खोलीभर पसरला. जिवंत माणसं सावरून बसली. ती रास ताटात पौष्टिक राशीच्या शेजारी ठेवली गेली. नव्या उदबत्त्या लावायला काकांनी हरकत घेतली. जुन्या अजून अर्ध्या बाकी होत्या.

“आता बघ,” आत्या म्हणाली. “आता उडी मारून हो म्हणेल.”

डिएमनं नाणी टाकली. दोन्ही पिवळी.

तिनं पुन्हा टाकली. दोन्ही पांढरी. आता मात्र नाव ठेवायला काहीच उरलं नव्हतं. पौष्टिकही नको आणि चविष्टही नको, म्हणजे दोष पदार्थात नव्हता.

“म्हणजे त्याला घरच नकोय हे,” काका म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच दुःखी होता. पिशवी मात्र त्यांनी मांडीवर उलगडली. उदबत्त्या बोटभर राहिल्या होत्या.

“असं कसं होईल?” ताम मावशी म्हणाली. “त्यांना कधी नाही आलंच नाही. आमच्या सासूच्या श्राद्धाला मास्तरच आले होते. सासू जन्मभर कुणाला हो म्हणाली नव्हती. त्यांनी नाणी टाकली, आणि हो!”

“आमच्याकडेसुद्धा,” थाख कंपाउंडर म्हणाले. “दर वर्षी. पहिल्या फेकीत.”

“सगळीकडे,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “जन्मात त्याला कधी नाही आलं नाही.”

डिएम शाळेत गणिताचे तासही अधूनमधून बदलीवर घेत असे. दोन नाणी, सारखी पडायची शक्यता निम्मी, वेगळी पडायची निम्मी. एखाद्याला सलग चार वेळा हो येईल. दहा वेळा येईल, नशीब जोरावर असेल तर. पण जन्मभर? आळीतल्या प्रत्येक घरी? सासूच्यासुद्धा?

तिनं तळव्यातल्या नाण्यांकडे पाहिलं. तिच्या हातच्या त्या नीट, काटेकोर, एका रेषेतल्या पांढऱ्या बाजूंकडे पाहिलं. आणि मग तिला चिंच लावण्याआधीची नाणी आठवली. एकावर चुना दोन्ही बाजूंनी. दुसऱ्यावर एकाही बाजूनं नाही.

“मी जरा हात धुऊन येते,” ती म्हणाली. “हाताला कारलं लागलंय.”

“लवकर ये,” काका म्हणाले. “उदबत्त्यांना घाई आहे.”

स्वयंपाकघरात जाऊन तिनं सुरी घेतली आणि एका नाण्यावरचं करेक्शन खरवडायला लागली. मग पर्समधली करेक्शनची बाटली काढली, हलवली, झाकण उघडलं.

“ते नको,” मागून आई म्हणाली.

आई दारात उभी होती. हातात पानाचा डबा.

“ते चकाकतं. तुझ्या काकाला दुरूनसुद्धा कळेल. चुनाच लाव. घे.” तिनं डबा उघडून पुढे केला आणि चुन्यात बोट बुडवून दुसऱ्या नाण्याच्या दोन्ही बाजू स्वतःच सारवल्या. सराईत हात होता. मग ते नाणं तिनं ताम मावशीच्या कोमट तव्यावर ठेवलं. “इथे लगेच वाळतं. ते असंच करायचे.”

“तुला माहीत होतं?”

“घर किती मोठं आहे आपलं? लपवणार कुठे?”

“तू विचारलं नाहीस त्यांना कधी?”

“लग्न झालं त्या वर्षी विचारलं. म्हणाले, मेलेला माणूस नाही कशाला म्हणेल? त्याला कुठे जायचंय? आणि इथे पोरं भुकेली बसलेली असतात.” आईनं नाणं उलटं करून फुंकर मारली. “मला पटलं. भूक मलाही लागली होती.”

“मग काल मी घासत होते, तेव्हा का नाही बोललीस?”

आईनं डब्याचं झाकण लावलं.

“मला वाटलं, तू शिकलेली आहेस,” ती म्हणाली. “तुला खरं उत्तर हवं असेल.”

बाहेरून काकांचा आवाज आला, “झाले का हात धुऊन?”

डिएम बाहेर आली. उदबत्त्यांची लाल टोकं राखेला टेकली होती. ती देव्हाऱ्यासमोर उभी राहिली, नाणी कपाळाला लावली आणि म्हणाली, “बाबा, जेवलात?”

एक पांढरं. एक पिवळं.

खोलीत असा काही सुस्कारा सुटला की उदबत्त्यांची राख हलली. ताम मावशीनं टाळी वाजवली. डिएमनं नाणी झटक्यात उचलून मुठीत घेतली. बाबांना ही उचलायची एवढी घाई का असे, ते आज तिला समजलं.

पण आळीतली माणसं अशी सहज समाधान पावणारी नव्हती. “थांबा,” थाख कंपाउंडर म्हणाले. “जेवले, पण कुठलं? पौष्टिक की गाडीवरचं? सोक्षमोक्ष होऊ द्या. विचार, पौष्टिक आवडलं का.”

डिएमनं विचारलं. एक पांढरं, एक पिवळं.

“अशक्य!” आत्या ओरडली. “आता ताम मावशीचं विचार.”

एक पांढरं, एक पिवळं.

“दोन्ही आवडलं,” आई म्हणाली. “म्हणजे सगळ्यांनी दोन्ही खायचं. आधी पौष्टिक.”

नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पितरांविषयी जी अढी त्या क्षणी उमटली, ती पुढे बरेच दिवस पुसली गेली नाही.

आणि तेवढ्यात खोय काका उठले. पिशवीची घडी घालता घालता त्यांना काहीतरी सुचलं होतं. “आज दादा प्रसन्न दिसतोय,” ते म्हणाले. “मग एक प्रश्न माझाही. डिएम, तूच विचार हवं तर. त्याला विचार, पुढच्या वर्षी माझ्याकडे येशील का?”

डिएमनं नाण्यांकडे पाहिलं. ही नाणी सज्जन होती. ती कुणालाही नाही म्हणत नव्हती. विचारणाऱ्याचा हेतू बघायची तर त्यांना सवयच नव्हती. इतकी वर्षं बाबांनी हे कसं निभावलं असेल? तिनं आईकडे पाहिलं. आई निर्विकार चेहऱ्यानं सुपारी कातरत होती. आणि मग तिला समजलं, की बाबांनी जन्मात कधी असा प्रश्नच विचारला नव्हता, ज्याचं उत्तर हो आलेलं त्यांना चाललं नसतं.

“विचारते,” ती म्हणाली. तिनं नाणी कपाळाला लावली आणि स्वच्छ, वर्गात घुमतो तशा आवाजात विचारलं, “बाबा, पुढच्या वर्षी खोय काकांनी इथे, याच देव्हाऱ्यापुढे, सगळ्यांच्या आधी येऊन भांडी घासावीत, अशी तुमची इच्छा आहे का?”

काकांचा हात वर उठला, पण नाणी त्याहून चपळ होती.

एक पांढरं. एक पिवळं.

“दादाचा शब्द,” लायताई म्हणाल्या. त्या न्यायप्रिय होत्या.

मग पंगत बसली. पौष्टिक बान्ह एप सगळ्यांनी बाबांच्या इच्छेखातर, बरंचसं पाणी पिऊन, संपवलं. काकांनी तर पहिल्याच घासाला डोळे मिटून मान हलवली; हे दुःख की तंतू, ते कळायला मार्ग नव्हता. गाडीवरच्या राशीवर नंतर जी झडप पडली, तिच्यात कुणाचाच आजार आड आला नाही. अंगणात कागदी मशीन जळालं, पट्ट्यांसकट. निघताना थाख कंपाउंडर दारात घुटमळले. “पुढच्या महिन्यात आमच्या वडिलांचं आहे,” ते म्हणाले. “कौलाला तूच ये पोरी. आणि नाणी तुझीच आण. हाताला सवय असलेली बरी.”

सगळे गेल्यावर डिएम ताटं गोळा करायला लागली. बाबांच्या ताटात एक बान्ह एप उरलं होतं, ताम मावशीचं. कुणाच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे. थंड होऊन कडा वळल्या होत्या. तिनं त्याचे दोन तुकडे केले. एक फोटोपुढे ठेवला आणि दुसरा हातात घेऊन उभी राहिली. मग खिशातली नाणी काढली. आईला ऐकू जाऊ नये म्हणून प्रश्न मनातच विचारला. उत्तर काय येणार, ते तिला माहीत होतं. चुना अजून ताजा होता; तिच्या बोटांना लागत होता. तरी तिनं ती टाकली.

एक पांढरं. एक पिवळं.

“काय म्हणाले?” मोरीतून आईनं विचारलं.

“हो म्हणाले.”

“म्हणणारच,” आई म्हणाली. “खाऊन घे ते. आणि तवा घासायला दे.”